सर्व्हेआधी मस्टर मागा

पुण्यातल्या एका महाविद्यालयात एम.ए.च्या वर्गाला औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेचं पत्र आलं आहे. वय ३६, तासिका तत्त्वावर सहावं वर्ष, पीएच.डी. चालू. त्या लिहितात: “वर्गात हॉथॉर्नचे प्रयोग, हर्झबर्गचा प्रेरणेचा सिद्धान्त, ध्येयनिश्चिती सगळं शिकवते. मुलं विचारतात, मॅडम, याचा कंपनीत उपयोग काय? मी कंपनीत एक दिवसही काम केलेलं नाही, कोणत्या तोंडाने उत्तर देऊ? यंदा चार क्रेडिटच्या ओजेटीसाठी (ऑन-जॉब ट्रेनिंग), म्हणजे प्रत्येकी १२० तासांसाठी, चाकणच्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याने १२ विद्यार्थी घ्यायचं कबूल केलंय. तिथले एचआर मॅनेजर म्हणतात, ‘नवीन पोरं दोन-तीन महिन्यांत सोडून जातात. एक मोटिव्हेशन सर्व्हे करून द्या आणि शेवटी एक सेशन घ्या.’ आमच्या विभागप्रमुखांना हवेत २०० जणांचा नमुना, दोन प्रमाणित चाचण्या आणि सहसंबंध. यातून मुलं काही शिकतील असं मला वाटत नाही. दोन वर्षं शिकवणं सोडून एचआरची नोकरी करावी आणि मग परत यावं का?”

नमस्कार,

नोकरीच्या प्रश्नाकडे शेवटी येऊ, कारण आधीच्या गोष्टी नीट झाल्या तर त्याचं उत्तर बदलेल असं मला वाटतं.

तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे. संशोधन महाविद्यालयात असतं, अनुभव कंपनीत असतो आणि दोन्हीकडे राहून आलेल्या माणसालाच त्यांची सांगड घालता येते, असं तुम्ही धरून चालला आहात. पण त्या कारखान्यात अनुभवाचा तुटवडा नाही. एचआर मॅनेजरांकडे तो आहे, लाइन लीडरकडे आहे, ठेकेदाराच्या माणसाकडे तर सगळ्यांहून जास्त आहे. तरी पोरं जातातच. तेव्हा तिथे उणीव कशाची आहे, ते आधी पाहू.

सारा राइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ९५९ एचआर व्यावसायिकांपुढे ३५ विधानं ठेवली आणि बरोबर की चूक एवढंच विचारलं. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगिरी वाढवायला ध्येय ठरवून देण्यापेक्षा निर्णयात सहभागी करून घेणं जास्त परिणामकारक असतं, असं बहुतेकांना वाटत होतं. संशोधनाचं म्हणणं उलट आहे. ही माणसं नवखी नव्हती. अनुभवाने त्यांचा समज दुरुस्त झाला नाही, कारण रोजच्या कामात ताळा करून बघायची सोयच नसते. मुलाखतीत ज्याला नाकारलं तो पुढे कसं काम करतो, हे घेणाऱ्याला कधीच दिसत नाही. जो सोडून गेला त्याचं खरं कारण कोणी टिपत नाही. ताळा कसा करायचा, हे शिकवणारं शास्त्र तुम्ही रोज वर्गात शिकवता.

तुम्हाला कारखान्याचा फ्लोअर, म्हणजे प्रत्यक्ष कामाची जागा, माहीत नाही, ही उणीव मात्र खरी आहे. ती भरायला दोन वर्षं लागत नाहीत, पाच-सहा अर्धे दिवस पुरतात, पण ते नीट निवडलेले हवेत. एक दिवस पहिली पाळी सुरू होताना गेटवर उभ्या राहा. एक दिवस दुसरी पाळी सुटताना बसजवळ. एक दिवस नव्या पोरांच्या जॉइनिंगला: कागदपत्रं, सेफ्टी शूज, गेटपास हे सगळं होऊन पोरगा लाइनवर उभा राहीपर्यंत किती वेळ जातो आणि त्या वेळात त्याच्याशी कोण बोलतं, हे घड्याळ लावून लिहा. एक दिवस फक्त कॅन्टीन. शेवटचे दोन दिवस एकाच लाइनवर, एकाच नव्या माणसाकडे बघत. हे मुलांना पाठवण्याआधी स्वतः करा.

आता मॅनेजरांच्या मागणीकडे. ‘मोटिव्हेशन सर्व्हे’ या शब्दांत त्यांनी रोगाचं निदान आधीच करून टाकलंय आणि तुमच्याकडून फक्त औषध मागितलंय. इथे नकार देऊ नका आणि मान डोलवून हो म्हणूनही परत येऊ नका. पहिल्याच बैठकीत असं म्हणता येईल: “सर, प्रश्नावली करूच, पण त्याआधी दोन आठवडे आम्हाला तुमचेच आकडे बघू द्या. पोरं नेमकी कधी आणि कुठून जातात ते कळलं की काय विचारायचं तेही कळेल. आणि एक सांगा, हे कळल्यावर तुम्ही काय बदलू शकता? भरतीची पद्धत, पहिला आठवडा, बसचा मार्ग, सुपरवायझरचं प्रशिक्षण, यातलं तुमच्या हातात काय आहे?” हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पगारवाढ त्यांच्या हातात नसेल, तर पगाराच्या समाधानावर पंधरा विधानं विचारून कामगारांच्या मनात आशा तेवढी निर्माण होते. जो निर्णय घेतला जाऊ शकतो, त्याच्यापासून मागे येत प्रश्न ठरवायचा. मुलांना १२० तासांत एवढं एक जरी शिकवलंत, तरी ‘उपयोग काय’ हे कोणी विचारणार नाही.

सर्व्हे आधी का नको, याचं साधं कारण असं की जे गेले ते सर्व्हेत नसतातच. उरलेल्यांना विचारून गेलेल्यांची कारणं शोधणं म्हणजे पास झालेल्या मुलांना बाकीचे नापास का झाले ते विचारणं. त्याआधी मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, मागा: रुजू झाल्याची तारीख, शेवटचा पंच (हजेरीची शेवटची नोंद), लाइन, पाळी, ठेकेदार, पिकअप पॉइंट. नाव, मोबाइल, आधार नको. टोकन नंबरऐवजी एचआरने स्वतः घातलेला सांकेतिक क्रमांक घ्या आणि त्याची किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या.

इथे तीन ठिकाणी घात होतो, म्हणून जरा थांबू.

पहिलं, सोडल्याची तारीख. जो पोरगा न सांगता यायचा बंद होतो, त्याचं नाव पत्रकातून लगेच कमी होत नाही. फोन होतात, ठेकेदाराला विचारतात, वाट बघतात आणि मग कधीतरी हिशेबाच्या वेळी तारीख पडते. २० व्या दिवशी शेवटचा पंच केलेला मुलगा कागदावर ६५ व्या दिवशी सोडून गेलेला दिसू शकतो. म्हणून शेवटचा पंच हीच तारीख धरा. मॅनेजरांचं ‘दोन-तीन महिन्यांत’ कदाचित या कागदी तारखेतूनच आलेलं असेल.

दुसरं, ‘गेला’ या एका शब्दात तीन प्रकारची माणसं असतात: स्वतः सोडलेला, काढलेला आणि ठेकेदाराने ब्रेक दिलेला, म्हणजे काही काळ कामावरून थांबवलेला. सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळालेला मुलगा प्रेरणा संपली म्हणून गेलेला नाही. पुन्हा तोच नव्या टोकनवर आला, तर यादीत दोनदा मोजला जातो. हे एचआरच्या कारकुनाशेजारी बसूनच सुटतं.

तिसरं, काल रुजू झालेल्याला ‘टिकला’ म्हणून मोजणं. समजा १ जानेवारी ते ३० जून या काळात १८० जण आले. यादी ३० सप्टेंबरला काढली, तर शेवटच्या माणसालाही ९२ दिवस मिळालेले असतात आणि सगळ्यांची ९० दिवसांपर्यंत तुलना करता येते. यादी ३० जूनलाच काढली, तर जूनमध्ये आलेले सगळे टिकाऊ दिसतील. आता या १८० पैकी ५४ पहिल्या ३० दिवसांत गेले आणि उरलेल्या १२६ पैकी १८ पुढच्या ६० दिवसांत गेले, असं निघालं असं धरू. पहिल्या महिन्यात ३० टक्के गळती, पुढच्या दोन महिन्यांत मिळून सातात एक. तीन महिन्यांत गेलेल्या ७२ पैकी ५४, म्हणजे चारात तीन, पहिल्या महिन्यातच गेले. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, पण असं चित्र निघालं तर प्रश्न ‘कामगारांचं मोटिव्हेशन’ हा उरत नाही. मुलाला काय सांगून आणलं आणि पहिल्या चार आठवड्यांत त्याचं काय झालं, हा प्रश्न होतो. महिन्याला किती गेले भागिले सरासरी किती होते, हा नेहमीचा दर काढला तर हे दिसत नाही, कारण त्यात दहा वर्षांचा जुना आणि दहा दिवसांचा नवा एकाच पोत्यात जातात.

बारा विद्यार्थी, १८० नोंदी, प्रत्येकाच्या वाट्याला १५. त्या १५ नोंदी प्रत्येकाने स्वतः तपासून स्वच्छ करायच्या. हे काम कंटाळवाणं आहे, मुलं कुरकुरतील, तरी एकालाही सूट देऊ नका. आकडा कुठून येतो हे कळायला दुसरी वाट नाही. मग लाइनप्रमाणे फोड करताना सांभाळा. एका लाइनवर १२ पैकी ५ गेले आणि दुसरीवर १२ पैकी ३, एवढा फरक योगायोगानेही सहज पडतो. त्यावरून एखाद्या सुपरवायझरचं नाव खराब होऊ देऊ नका.

त्यानंतर गेलेल्यांशी बोलणं. एचआरच्या फाइलमधल्या एक्झिट इंटरव्ह्यूत बहुधा ‘घरगुती कारण’ लिहिलेलं असतं. ज्याचे पैसे आणि अनुभवाचं पत्र अडकलेलं आहे, तो दुसरं काय लिहिणार? सोडून महिना झालेल्या १२ ते १५ जणांना, एचआरने आधी त्यांची परवानगी विचारून क्रमांक दिल्यावर, विद्यार्थ्यांनी फोन करावा. ‘का सोडलंत?’ हा प्रश्न नको, त्याला तयार उत्तर मिळतं. ‘शेवटच्या दिवशी कामावर आलात, त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं?’ असं विचारा. जॉन फ्लॅनागन यांनी १९५४ मध्ये मांडलेली निर्णायक प्रसंगांची पद्धत ती हीच. तुमच्या मुलांनी ती परीक्षेत पाच गुणांसाठी लिहिलेली असेल. कोणी म्हणेल, बसने दुसऱ्या स्टॉपवर सोडलं आणि रात्री तीन किलोमीटर चालावं लागलं. कोणी म्हणेल, हातात साडेचौदा हजार पडतील असं सांगितलं होतं, कापून भलतंच मिळालं. अशी वाक्यं जशीच्या तशी लिहून घ्यायची, आपल्या भाषेत सुधारायची नाहीत.

एवढं झाल्यावर प्रश्नावली. विभागप्रमुखांची अपेक्षा आहे, तेव्हा ती असू द्या, पण भाषेसाठी एक पूर्ण आठवडा राखून ठेवा. एक विधान जवळून बघा. इंग्रजी चाचणीत वरिष्ठांकडून मिळणाऱ्या फीडबॅकबद्दल वाक्य असतं. विद्यार्थी त्याचं भाषांतर ‘माझे वरिष्ठ मला नियमित अभिप्राय देतात’ असं करतो. फ्लोअरवर ‘अभिप्राय’ कोणी म्हणत नाही, म्हणून तो ते सोपं करतो: ‘साहेब माझ्या कामाबद्दल माझ्याशी नेहमी बोलतात.’ आता फसगत पूर्ण झाली. कारखान्यात ‘साहेब बोलले’ म्हणजे साहेब रागावले. ‘आज बोलणं बसलं’ असंच पोरं सांगतात. ज्याला रोज बोलणं बसतं तो ‘पूर्ण सहमत’वर खूण करतो आणि तुमच्या तक्त्यात त्याला उत्तम मार्गदर्शन मिळतंय असं दिसतं. उलट भाषांतर करून ही चूक सापडत नाही, कारण इंग्रजीत परत नेणारा सुशिक्षित माणूस ‘बोलतात’चा सरळ अर्थच लिहिणार. ती सापडते फक्त एका रीतीने: पाच-सहा कामगारांना विधान वाचून दाखवायचं आणि ‘यातून तुम्हाला काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणायचं. बीड-लातूरकडचा एक, विदर्भातला एक, आणि बिहार-उत्तर प्रदेशातले कामगार असतील तर हिंदी आवृत्तीसाठी वेगळे दोघे-तिघे. ‘साहेब मला काम कसं करायचं ते शांतपणे समजावून सांगतात’ असं काहीतरी शेवटी उरेल. मूळ चाचणीचे गुणधर्म या बदलानंतर आपोआप लागू राहत नाहीत, हेही प्रबंधात लिहायला लावा.

आणखी एक. प्रेरणा आणि सोडून जाण्याचा विचार, दोन्ही एकाच कागदावर, एकाच बसकीत, एकाच माणसाकडून भरून घेतले तर सहसंबंध येतोच येतो. त्या दिवशी ज्याचा मूड खराब, त्याचं सगळंच खाली. म्हणून दुसरी बाजू मस्टरमधून घ्या: आज प्रश्नावली आणि ६० दिवसांनी तो माणूस कामावर आहे की नाही. २०० नमुन्यांचा हट्ट असलेल्या विभागप्रमुखांनाही हे पटेल, कारण हा अभ्यास त्यांना हव्या असलेल्या अभ्यासापेक्षा भक्कम आहे. विद्यार्थ्याला गृहीतक मिळतं, टिकाव-विश्लेषण (कोण किती दिवस टिकतो याचं गणित) शिकायला मिळतं, ‘आर’सारखं मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरतं, आणि बाहेरच्या परीक्षकाला विचारायला सांख्यिकीही राहते. मात्र बारा जणांनी बारा वेगवेगळ्या चाचण्या घेऊन त्याच कामगारांना बारा वेळा बसवू नये. प्रश्न एकच असावा आणि त्याच्या बाजू वाटून घ्याव्यात.

वाचन यात कुठे येतं? माझ्या मते मधोमध, पहिल्या आकड्यांनंतर. आधी वाचलं तर मुलं सिद्धान्त घेऊन कारखान्यात शिरतात आणि तोच त्यांना सगळीकडे दिसतो. भरतीतल्या निवडीबद्दलचं एक उदाहरण वर्गात पूर्ण तासभर चालवण्यासारखं आहे. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा गोषवारा काढला. ठरीव प्रश्नांच्या मुलाखतीचा कामगिरीशी संबंध (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.५१, मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा ०.३८. पाठ्यपुस्तकांतून हे आकडे अनेक वर्षं फिरले. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यात केलेली एक दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होती. नोकरीवर घेतलेल्यांचीच कामगिरी मोजता येते, नाकारलेल्यांची नाही, म्हणून मिळालेला आकडा कमी दिसतो आणि तो वर सरकवतात. पण जिथे सरकवायला आधार नव्हता तिथेही तो सरकवला गेला होता. नवे आकडे आले ०.४२ आणि ०.१९. मुलं म्हणतील, म्हणजे आधीचं चुकलं! मग त्यांना वजाबाकी करायला सांगा. आधी दोन पद्धतींत अंतर होतं ०.१३, आता आहे ०.२३. दोन्ही आकडे खाली आले, पण गेटवरच्या दहा मिनिटांच्या गप्पांऐवजी ठरीव मुलाखत घ्या, हा सल्ला आणखी पक्का झाला.

मग तोच सल्ला चाकणला उतरवायचा. पाच प्रश्न, सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. उदाहरणार्थ: ‘काम करताना माल खराब निघतोय असं कधी लक्षात आलं का? तेव्हा काय केलं?’ उत्तराला गुण आधीच लिहून ठेवलेले: काही केलं नाही, १, शेजारच्याला सांगितलं, ३, काम थांबवलं, माल वेगळा ठेवला आणि वर कळवलं, ५. ज्याने कधी काम केलेलं नाही, त्याच्यासाठी शेतातला किंवा कॉलेजातला तसाच प्रसंग. दोघांनी वेगवेगळे गुण लिहायचे आणि लिहून झाल्यावरच एकमेकांना दाखवायचे. हा कागद बनवणं आणि दोन पर्यवेक्षकांकडून वापरून घेणं, हे चार विद्यार्थ्यांचं पुरेसं काम आहे. ज्या वाचकांना कारखाना मिळत नाही, त्यांना हेच काम कोपऱ्यावरच्या दुकानाच्या किंवा स्वतःच्या महाविद्यालयातल्या ग्रंथालय-मदतनिसांच्या निवडीसाठी करता येईल.

जॉइनिंगआधी कामाचं खरं चित्र सांगण्याचंही तसंच. आठ तास उभं राहायचं आहे, पाळी बदलते, हातात अमुक पडतील, हे आधी सांगितल्याने सोडून जाण्याचं प्रमाण कमी होतं, पण थोडंच, असं संशोधन सांगतं. तो ‘थोडंच’ शब्द मुलांनी मॅनेजरांपुढे गाळू नये.

सेशनचं काय? कामगारांपुढे प्रेरणेवर भाषण नको. त्याऐवजी लाइन लीडर आणि सुपरवायझर यांच्यासाठी एक तास मागा, विषय एकच: नव्या माणसाशी पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी दहा मिनिटं काय बोलायचं. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये ६०७ परिणाम एकत्र तपासले. फीडबॅकने सरासरी कामगिरी सुधारते, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ती खालावली. लक्ष कामावरून उडून माणसाच्या स्वतःबद्दलच्या भावनेकडे गेलं की फीडबॅकचा परिणाम घटतो, असं त्यांचं स्पष्टीकरण. ‘तुला अक्कल आहे का’ आणि ‘क्लॅम्प आधी लाव, मग बटण दाब’ यांतला फरक सुपरवायझरला सांगायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही, पण कोणीतरी तो सांगावा लागतो.

हा बदल उपयोगी पडला का, ते एका सत्रात सिद्ध होणार नाही. गळती ३० वरून २० टक्क्यांवर आली हे खात्रीने म्हणायला प्रत्येक गटात साधारण २९० माणसं लागतात. महिन्याला ३० जण रुजू होत असतील, तर जवळपास वीस महिने. विद्यार्थ्यांना हा हिशेब स्वतः करू द्या. मग आठवड्याआड जॉइनिंग बॅच घ्या, एका आठवड्याच्या बॅचला नवी पद्धत, पुढच्या आठवड्याच्या बॅचला जुनी. यंदा मोजायचं ते एवढंच की ठरलेली तीन बोलणी खरंच झाली का. बऱ्याचदा तिसऱ्या दिवशीचं होतं आणि सातव्या दिवशीचं राहून जातं, कारण तोवर नवा मुलगा जुना झालेला असतो. सुपरवायझर दोन्ही बॅचना एकच असेल तर चांगली सवय जुन्या पद्धतीतही झिरपते, हेही नोंदवा. पुढच्या वर्षीची तुकडी तीच फाइल पुढे चालवेल. ही फाइल तुमच्या लॅपटॉपवर नको, विभागाच्या कपाटात आणि विभागाच्या खात्यावर असू द्या.

करारपत्र एका पानाचं असावं, कामाच्या पहिल्या दिवसाआधी दोन्हीकडच्या सह्या झालेलं. प्रश्न काय, कोणती माहिती, कोण पाहणार, काय परत देणार, कधी. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल वेगळा दाखवला जाणार नाही, हे त्यात लिहा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा आता आहे, तो एचआरलाही माहीत असतो, त्याचा आधार घ्या. कंत्राटी कामगाराला सुपरवायझरने ‘जा रे, मॅडम बोलावतात’ म्हणून पाठवलं तर ती संमती नव्हे. कोणाला बोलवायचं ते क्रमांकांतून चिठ्ठ्या काढून विद्यार्थ्यांनी ठरवावं, जागा ऑफिसपासून लांब असावी आणि तो वेळ ड्यूटीत धरला जावा. आणि एक कलम बहुतेक जण विसरतात: बोलण्यातून मशीनचं गार्ड काढून ठेवल्याचं किंवा पीएफ भरला जात नसल्याचं कळलं तर काय करायचं? मुलांनी स्वतः काही करायचं नाही, त्याच दिवशी तुम्हाला सांगायचं. सुरक्षेचा मामला तुम्ही सांगणाऱ्याचं नाव न घेता लगेच सेफ्टी ऑफिसरकडे न्यायचा. बाकीचं कोणाकडे जाईल, तेही आधीच लिहून ठेवा. बावीस वर्षांच्या मुलीवर हा निर्णय ऐन वेळी टाकू नका.

वर्गाबद्दल थोडंसं. हॉथॉर्नला जेवढे तास देता तेवढेच अहमदाबादलाही द्या. १९५३ मध्ये ए. के. राइस या ब्रिटिश संशोधकाने तिथल्या कॅलिको मिल्समध्ये काम केलं. स्वयंचलित माग आले तरी उत्पादन अपेक्षेइतकं वाढत नव्हतं, कारण कामं इतकी तुकड्यातुकड्यांत वाटली होती की ठरावीक मागांची जबाबदारी कोणत्याच गटाची नव्हती. छोटे गट करून ठरावीक माग त्यांच्याकडे सोपवल्यावर फरक पडला. जगभरच्या पुस्तकांत गेलेलं हे संशोधन आपल्या शेजारच्या राज्यातल्या मागांच्या खात्यातून गेलं. उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांचं १९७०च्या दशकातलं लार्सन अँड टुब्रोमधलं मनुष्यबळ विकासाची व्यवस्था आखण्याचं कामही असंच. मुलांना दोन्ही उदाहरणं माहीत असावीत.

आता नोकरी. एचआरच्या पहिल्या दोन वर्षांत बहुधा वाट्याला येतं ते जॉइनिंगचं, हजेरीचं, पगारपत्रकाचं आणि कायदेशीर अनुपालनाचं काम. ते शिकण्यासारखं आहे, त्याला कमी लेखू नका. पण वर लिहिलेलं त्यातून आपोआप येत नाही, आणि सलग तीन-चार तुकड्यांची फाइल सांभाळणारं माणूस मात्र तुमच्या विभागातून निघून जातं. तुम्हाला शिकवण्यापेक्षा प्रत्यक्ष कामच जास्त आवडेल असं आतून वाटत असेल, किंवा तासिकांच्या पैशांत घर चालत नसेल, तर जरूर जा. ती दोन्ही कारणं योग्य आहेत. ‘मला अनुभव नाही म्हणून मी अपात्र’ या एका कारणासाठी मात्र जाऊ नका. यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची, म्हणजे प्रत्यक्ष कामातल्या जाणकाराला शिकवायला घेण्याची, सोय केली, पण तिथे किमान १५ वर्षांच्या अनुभवाची अट आहे. तुम्हाला हवा तो लाइन लीडर त्यात बसणार नाही. त्याला दोन तासांसाठी पाहुणा म्हणून बोलवायला कोणाची हरकत नाही. त्याला व्याख्यान देऊ नका म्हणावं. मुलांनी काढलेला तक्ता समोर ठेवून ‘यात काय चुकलंय’ एवढंच विचारा. दुसरा कारखाना शोधायचा असेल तर मराठा चेंबर ही उद्योजकांची संघटना आणि एनआयपीएम या एचआरवाल्यांच्या संस्थेचा पुणे विभाग ही दोन दारं आहेत.

मात्र तासिका तत्त्वावर असताना चाकणच्या फेऱ्या फुकट घालू नका. ओजेटीच्या देखरेखीचे तास वेळापत्रकात लेखी धरून घ्या, प्रवासाचंही आताच विचारा. सत्र सुरू झाल्यावर हे विषय निघत नाहीत.

आणि करारात एक तारीख आजच घाला: निकाल कामगारांना सांगण्याची. मॅनेजरांपुढे सादरीकरण होतंच, ज्यांनी माहिती दिली त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही, आणि पुढच्या वर्षीची मुलं प्रश्न घेऊन गेली की ‘मागच्या वेळी विचारून गेले, काय झालं?’ असं ऐकून घेतात. एकच पान, मराठी आणि हिंदी, मोठ्या अक्षरात: आम्ही काय विचारलं, तुम्ही काय सांगितलंत, कंपनी काय बदलणार आहे आणि काय बदलणार नाही. ते कॅन्टीनमध्ये हात धुवायच्या जागेजवळ लावा. तिथे रांग असते, त्यामुळे वाचलं जातं.